ऑर्लिनच्या हातची काडतुसं

शुक्रवारी सकाळी ऑर्लिन स्टेनरूड तळघरात उतरला तो टेबल आवरायला. काडतुसं भरून झाली होती, पोचवूनही झाली होती. दोन खोके जुन्या दोस्ताकडे, गेलॉर्डकडे, आणि दोन पोरीकडे, जोलीनकडे. उद्या सोल्हाइम गावच्या नेमबाजीच्या क्लबात जुन्या लष्करी रायफलींची वर्षाची स्पर्धा. आता फडकं मारायचं, तराजू झाकायचा आणि वर जाऊन दुसरी कॉफी प्यायची, एवढंच उरलं होतं. पण फडकं मारता मारता हात फळीवर गेला आणि कठीण टिकल्यांचा पुडा हाताला लागला. पुडा जड होता. त्याने तो हलवला, मग उघडला. आत सगळ्या टिकल्या आपापल्या खाचेत शहाण्यासारख्या बसलेल्या. एक म्हणून कमी नाही.

“हे काय लचांड?” तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला तळघरात कोणी नव्हतं.

काल दिलेल्या चारही खोक्यांत हीच टिकली असायला हवी होती. मग हा पुडा भरलेला कसा? आणि हा भरलेला, तर त्या काडतुसांत काय घातलं?

तो स्टुलावर बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुड्यावरचं नाव परत वाचलं. नाव तेच होतं.

बंदुकीशी ज्याचा संबंध नाही त्याला टिकलीचं काय एवढं, असं वाटेल. काडतुसाच्या बुडाशी ती बसते. रायफलीतली सुई तिच्यावर आपटली की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. हरणाच्या शिकारीच्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने आत ढकलायचं असतं, तिथे कुठलीही टिकली चालते, मऊ असली तरी. जुन्या लष्करी रायफलीचा मामला वेगळा. तिचा बोल्ट, म्हणजे नळीमागचा पोलादी दट्ट्या, स्वतःच मागे जातो, पुढचं काडतूस ओढून घेतो आणि धाडकन बंद होतो. बंद होताना आतली मोकळी सुई टिकलीला हलकीशी टोचते. कठीण टिकली ते सोसते. मऊ टिकली शंभरदा सोसेल, पण एकशेएकाव्या वेळी बोल्ट पुरता बसायच्या आतच फुटेल. मग पोलाद फाटतं, आणि नेम धरणाऱ्याचा गाल त्या पोलादाला टेकलेला असतो. उद्या तिथे जोलीनचा गाल असणार होता.



हा माणूस कोण, ते सांगितल्याशिवाय त्याची घाबरगुंडी कळायची नाही. अडतीस वर्षं त्याने सोल्हाइमच्या धान्याच्या कोठारावर काट्यापाशी काढली. ट्रक यायचा, ऑर्लिन वजन घ्यायचा, गव्हाची ओल बघायचा आणि आकडा सांगायचा. या गावातले शेतकरी पाद्र्याशी वाद घालतील, डॉक्टरशी घालतील, स्वतःच्या बायकोशी तर घालतीलच घालतील, पण ऑर्लिनच्या आकड्याशी कोणी वाद घातल्याचं ऐकिवात नाही. काडतुसं भरायला त्याला सासऱ्याने शिकवलं. म्हातारा इंगव्हाल्ड मोठा खवट होता. दारूचा एक दाणा सांडला तरी “माझ्या मुलीला विधवा करणार आहेस का?” म्हणून ओरडायचा. लष्करी रायफलही त्याचीच. ती ऑर्लिनकडे आली, आणि ऑर्लिनचा डोळा अधू झाल्यावर जोलीनकडे गेली.

या लोकांत एक नियम आहे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागतील, शेजारणीने भाजलेलं गोडधोड हक्काने खातील, पण दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालणार नाहीत. ज्याचं त्याने भरायचं, ज्याचं त्याने उडवायचं. बापाने मुलासाठी भरलं तर गोष्ट वेगळी. घराबाहेर तो नियम एकाच माणसासाठी मोडला गेला, तो म्हणजे ऑर्लिन. गेलॉर्डची दोन बोटं धान्य चढवायच्या यंत्रात गेली, त्या वर्षी तो येऊन म्हणाला, “मला नाही जमत आता, तू भर.” मग आणखी तिघे आले. यंदा मात्र त्यांनी ‘गेल्या वर्षीची उरलीत’ म्हणून घेतली नव्हती. क्लबात बाहेरगावचा कोणी आला की गेलॉर्ड छाती फुगवून सांगायचा, “आम्ही ऑर्लिनच्या हातची उडवतो.” ऑर्लिन तोंड वळवून नाक शिंकरायचा. पण घरी जाऊन आर्डिसला, म्हणजे बायकोला, ते वाक्य जसंच्या तसं ऐकवायचा.

आर्डिस चार वर्षांमागे गेली.

तर आता शोध सुरू झाला. आधी त्याने वही काढली. वहीत त्याच्याच अक्षरात, परवाच्या तारखेला लिहिलं होतं: कठीण. ऑर्लिनला हायसं वाटलं. पण पान उलटलं तर मागच्या पानावरही तीच तारीख, आणि तिथे लिहिलं होतं: मऊ. खाली रेघ मारलेली. ही खोडायची रेघ होती की अधोरेखित करायची, ते त्यालाच सांगता येईना. ती जरा तिरकी होती, अक्षराला लागून गेलेली.

मग मऊ टिकल्यांचा पुडा बघितला. अर्धा रिकामा. पण शरद ऋतूत हरणासाठी काडतुसं भरली होती, तेव्हाच तो अर्धा झाला असेल. भरली होती ना? भरली होती. की ते त्याच्या आधलं वर्ष? गेल्या वर्षी हरण मिळालंच नव्हतं. मिळालं नव्हतं की तो गेलाच नव्हता?

“घोडं पेंड खातंय कुठे?” तो स्वतःवरच खेकसला.

कचऱ्याची बादली उपडी केली. त्यात कॉफीचे कागद, एक फुटका बल्ब आणि टिकल्यांचं एक रिकामं पुठ्ठ्याचं वेष्टण. ऑर्लिन हरखला. वेष्टणावरचं नाव नेमकं कॉफीत भिजून गेलेलं. उजेडात धरून बघितलं, तिरकं धरून बघितलं, नखाने खरवडून बघितलं. अक्षर होतं तेही गेलं.

आता एकच आशा होती. दोन वर्षांमागे टिकल्यांचा दुष्काळ पडला होता. सगळ्या दुकानांच्या फळ्या मोकळ्या, लोक मिळेल ते उचलत होते, आपल्या रायफलीला चालतं की नाही ते नंतर बघत होते. तेव्हा तो मायनॉट शहरात जाऊन कठीण टिकल्या घेऊन आला होता. तिथे दोन पुडे घेतले असतील, तर एक संपला, हा दुसरा, आणि सगळं ठीक. एकच घेतला असेल, तर तो हा, आणि मग काडतुसांत मऊ टिकल्या. दोन की एक? त्याला दुकान आठवत होतं. दुकानातलं लठ्ठ मांजर आठवत होतं. पुडे आठवत नव्हते.

एक काडतूस नमुन्याला ठेवलेलं होतं. त्याने ते भिंगाखाली धरलं. पण दोन्ही टिकल्या एकाच कंपनीच्या, दोन्ही रुपेरी, बसल्यावर जुळ्या बहिणी. इंगव्हाल्ड यासाठीच सांगायचा की टेबलावर एका वेळी एकच पुडा असू दे. परवा टेबलावर किती होते?

त्याने जोलीनला कचेरीत फोन लावला. ती रस्ते खात्यात काम करते.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही झालं. काही झालं तरच फोन करायचा का? मला सांग, मायनॉटला टिकल्या आणायला गेलो होतो ना, तेव्हा कठीणचा पुडा एक घेतला की दोन?”

“मी कुठे होते बरोबर?”

“तू नव्हतीस, पण तुझी आई होती की! ती त्या मांजराला कुरवाळत बसली आणि मी इकडे रांगेत. तिलाच विचारून...”

तो थांबला. दोन वर्षांमागे. आर्डिसला जाऊन चार वर्षं झालेली.

 जोलीन अगदी हळू म्हणाली, “बाबा, काही खाल्लंस का?”

“अकरा नाही वाजले अजून, काय खाऊ!” म्हणून त्याने फोन ठेवून दिला.  जे सांगायचं ते राहूनच गेलं. सांगायचं तरी काय? की तुझ्या बापाला आठवत नाही? अडतीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं आणि मेलं तरी निघणार नव्हतं. त्यापेक्षा गुपचूप चारही खोके परत आणायचे. गेलॉर्डला काहीतरी थाप मारायची. जोलीन कामावर आहे तोवर तिच्या घरून उचलायचे, किल्ली पायरीच्या कुंडीखाली असते. मग सगळ्या काडतुसांच्या गोळ्या उपसून ती रिकामी करायची, आणि जमतील तेवढी रात्रीपर्यंत नव्याने भरायची. कोणाला पत्ता लागायचं कारण नाही.

गेलॉर्ड अंगणात खुर्ची टाकून मटार सोलत होता. ट्रक बघून त्याने हाक मारली, “ये रे! बायको बहिणीकडे गेलीय. मला जेवायला घालायला आलास वाटतं?”

“कालचे खोके परत दे.”

“का?”

“लेबल चुकलंय.”

“चुकू दे की. लेबल कुठे उडवायचंय?”

“दे म्हणतो ना!”

गेलॉर्डने मटाराची शेंग खाली ठेवली. “तू घरी जा बघू. मी संध्याकाळी आणून देतो.”

“आत्ता का नाही?”

“आत्ता... किल्ली सापडत नाहीये.”

“तुझ्या कपाटाला गेल्या वीस वर्षांत किल्ली नाही, गेलॉर्ड,” ऑर्लिन म्हणाला आणि सरळ गॅरेजात शिरला. गेलॉर्ड मागून “अरे थांब, थांब ना” करत धावला, पण त्याचे गुडघे काय धावणार!

ऑर्लिनने कपाट उघडलं. समोर कालचे दोन खोके. त्यांच्या खाली आणखी दोन. शेजारी आणखी. प्रत्येकाच्या झाकणावरून ऑर्लिन कागदी चिकटपट्टी आडवी लावायचा, त्यावर तारीख आणि माल लिहायचा. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. मागल्या वर्षीच्या. त्याच्या मागल्या वर्षीच्याही. एकही खोका उघडलेला नव्हता.

त्याला आधी काही उमगेना. त्याला वाटलं, आपण जादा भरून दिले की काय.

“हे... हे तुम्ही उडवलेच नाहीत?”

“ऑर्लिन, बस इथे.”

“उडवले का नाहीत?”

गेलॉर्डने तीन बोटांचा हात पँटला पुसला. “तीन वर्षांमागे तुझ्या खोक्यातलं एक काडतूस मला हलकं लागलं. गोळी उपसून बघितली. आत दारूच नव्हती.”

“एक?”

“पाच. एका खोक्यात पाच.”

“खोटं!”

“खोटं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! चार वेळा तुझ्या दारापर्यंत आलो सांगायला. कॉफी प्यायलो आणि परत आलो. कसं सांगायचं रे तुला? तूच सांग.”

“आणि बाकीचे तिघे?”

“त्यांच्याही घरी असंच कपाट आहे.”

ऑर्लिनचा चेहरा लालबुंद झाला. “म्हणजे दोन वर्षं मला येडा बनवलंत! मागल्या जूनमध्ये तू मला मिठी मारून म्हणालास, लोण्यासारखी चालली म्हणून!”

“चाललीच तशी. माझी मीच भरली होती. तीन बोटांनी, एक एक करत. डिसेंबरपासून बसलो होतो.” गेलॉर्डचा आवाज चिरकला. “तू काडतुसं घेऊन आलास की तुझा चेहरा काय होतो, ते तुला दिसत नाही. आम्हाला दिसतं. नाही म्हणवलं नाही बाबा कोणाला.”

ऑर्लिनला खूप बोलायचं होतं. शिव्याही ओठांवर आल्या होत्या. पण त्या सगळ्यांना बाजूला सारून एकच गोष्ट वर आली.

“जोलीनला माहीत आहे हे?”

“तिला पहिल्यांदा सांगितलं. तीच म्हणाली, घेत राहा, पण उडवू नका, आणि बाबाला कळू देऊ नका.”

“मग तीही उडवत नाही.” त्याचा जीव भांड्यात पडला. अपमान राहू दे, पोरगी तर वाचली.

गेलॉर्डने मान खाली घातली. “ती तुझीच उडवते, ऑर्लिन. मी किती सांगितलं! मागल्या वर्षी तिच्याच शेजारी पडलो होतो नेम धरून. तुझ्या पट्टीचा खोका उघडा होता तिच्या हाताशी.”

पुढचं ऑर्लिनने ऐकलं नाही. ट्रक कसा वळवला, गावात कुठून शिरला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. चर्चच्या कोपऱ्यावर तो चुकीच्या बाजूला वळला, जोलीन दहा वर्षांमागे राहायची त्या घरापुढे जाऊन थांबला, आणि परसात भलतीच मुलं खेळताना बघून भंजाळल्यासारखा बसून राहिला. मग एका मुलाच्या आईने खिडकीतून हात केला तेव्हा त्याला आठवलं आणि तो परत फिरला.

जोलीन जेवायच्या सुट्टीत घरी आली होती. पायरीवर बसून डबा उघडत होती. त्याला बघून ती उठली.

“गेलॉर्डचा फोन आला होता,” ती म्हणाली. “तू बस आधी.”

“खोके कुठायत?”

“आत. फ्रीजवर. हात नाही लावलेला.”

“त्यांना हात लावायचा नाही. त्यात कुठल्या टिकल्या गेल्यात...” तो पायरीवर टेकला. पुन्हा सुरुवात केली. “जोलीन, मला आठवत नाही. वहीत दोन्ही लिहिलंय. मला खरंच आठवत नाही.”

निघालं एकदाचं. आभाळ कोसळलं नाही. समोरून दुधाची गाडी गेली.

“बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

“पण तू माझी उडवतेस म्हणतो गेलॉर्ड! सगळ्यांना मना करून स्वतः उडवतेस? डोकं फिरलंय का तुझं? दोन पोरांची आई तू!”

जोलीन आत गेली आणि एक खोका घेऊन आली. पट्टी पिवळी पडली होती. तारीख सहा वर्षांमागची. अक्षर ऑर्लिनचंच, पण ताठ, एका ओळीत, कुठे रेघ तिरकी नाही.

“तू दर वर्षी जादा द्यायचास ना, लागतील म्हणून? मी ठेवून दिली होती. आई होती तेव्हाची. तेवढीच उडवते, बाबा. दुसऱ्या कोणाच्या हातची मी कशी उडवू?”

ऑर्लिनने खोका हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. हा भरल्याचंही त्याला आठवत नव्हतं. पण ही काडतुसं चांगली आहेत हे त्याला त्या अक्षरावरून कळलं. कोणी अनोळखी पण खात्रीचा माणूस भरून गेला असावा असं त्याला वाटलं, आणि त्या माणसाचा त्याला हेवा वाटला.

“मग मला थांबवलं का नाहीस?” तो म्हणाला. “गावभर माझी शोभा होऊ दिलीस.”

“शोभा कोणी केली नाही तुझी. सगळे सांभाळून घेत होते.” तिचे डोळे भरले. “आई गेल्यावर तू बोलायचाच बंद झालास. मी रविवारी यायचे, वर भांडी घासायचे आणि तू खाली तळघरात. एकदा खालून तुझा आवाज आला. तू पुड्यावरचं नाव वाचत होतास. मग थांबायचास. मग स्वतःच म्हणायचास, ‘बरोबर.’ आई तसंच करायची ना? ती वाचायची, तू परत म्हणायचास, मग ती ‘बरोबर’ म्हणायची. तू तिच्याशी बोलत होतास, बाबा. ते मी बंद करू? माझ्या हातून नाही झालं.”

 ऑर्लिनला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. जोलीनने डब्यातलं अर्धं सँडविच त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते मुकाट्याने खाल्लं.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, “तळघरातलं सगळं उद्या संध्याकाळी घेऊन जा. तराजूसुद्धा.”

“घाई नाहीये.”

“घाई आहे. परवापर्यंत मी हे म्हणालो होतो तेच विसरेन.”

 त्याने पिवळ्या पट्टीचा खोका तिच्या मांडीवर ठेवला.

“यातली किती उरलीत?”

“उद्यापुरती.”

ऑर्लिन कठडा धरून उठला. खिशात ट्रकची किल्ली शोधली, ती हातातच होती.

“मग उद्या नीट नेम धर,” तो म्हणाला.